मोटारगाडीच्या विजेवर चालणाऱ्या काचा : दोष कोठे शोधावा

(शिक्षक, पंचायत सचिव व वाहनचालक यांच्यासाठी गोव्यात पावसाळ्यापूर्वी भरविण्यात आलेल्या शिबिरात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका निवृत्त निदेशकांनी केलेले भाषण.)



पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या या शिबिरात बी-बियाणे, विहिरींचे शुद्धीकरण आणि विजेच्या खांबांपासून घ्यावयाची काळजी हे विषय आपण सकाळपासून ऐकत आहात. त्या मानाने माझा विषय किरकोळ वाटेल. गाडीच्या दाराची काच वर गेली काय आणि अडकली काय, त्यासाठी भाषण कशाला, असे आपणापैकी काहींच्या मनात आलेही असेल. परंतु आषाढात चोर्ला घाट चढताना ज्याच्या गाडीची काच अर्ध्यावर अडकली आहे आणि मागच्या बाकावर ज्याचे वृद्ध उतारू भिजत बसले आहेत, त्या टॅक्सीवाल्याला हा विषय किरकोळ वाटणार नाही. दुरुस्तीला गेल्यावर नसलेल्या दोषापायी नवी मोटार विकत घ्यावी लागली, तर तो त्याहून अधिक महत्त्वाचा वाटेल.

प्रारंभी शब्दांचा एक खुलासा करतो. आपण मराठीत मोटार हा शब्द वाहनालाही लावतो आणि विजेवर फिरणाऱ्या यंत्रालाही. पुढील सर्व विवेचनात वाहनाला मी गाडी म्हणेन आणि दाराच्या पोटात बसून काच ओढणाऱ्या यंत्रालाच मोटार म्हणेन. खटका म्हणजे स्विच.

अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० या गाड्या ज्यांनी चालविल्या आहेत, त्यांना काचेचा हातदांडा आठवत असेल. तो फिरवीनासा झाला की दोष दाराच्या आतच आहे, हे उघड होते. दुसरीकडे शोधण्याचे कारणच नव्हते. विजेवर चालणाऱ्या काचेचे तसे नाही. येथे काच दारात असते, मोटार दारात असते, पण दोष पार चालकाच्या दारातल्या खटक्यात किंवा दोन दारांच्या मधल्या तारेत असू शकतो. काच जेथे अडली तेथेच दोष आहे असे मानण्याची आपली सवय हातदांड्याच्या काळातली आहे, आणि बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

प्रथम विजेचा मार्ग समजून घेऊ. साध्या, संगणकविरहित गाडीत बॅटरीपासून निघालेली वीज वितळतारेतून, म्हणजे फ्यूजमधून जाते. ही फ्यूज साधारणतः वीस ते तीस अँपिअरची असते. पुढे रिले लागतो. किल्ली फिरविल्यावाचून काचा चालू नयेत, ही व्यवस्था त्याच्याकडे. तेथून वीज चालकाच्या दारातील मुख्य खटक्यांच्या पट्टीत येते. या पट्टीतून प्रत्येक दाराकडे दोन तारा जातात, वाटेत त्या त्या दाराचा स्वतःचा खटका लागतो आणि शेवटी मोटार.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक ऐकावी. घरातल्या पंख्याला एक तार वीज आणते आणि दुसरी नेते. काचेच्या मोटारीला मात्र दोन्ही दिशांना फिरावयाचे असते, म्हणून तिच्या दोन्ही तारा विसाव्याच्या वेळी खटक्यांमार्फत अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेल्या असतात. काच वर नेण्यासाठी खटका दाबला की एक तार अर्थवरून सुटून बॅटरीच्या बाजूला लागते. दुसरी अर्थवर राहते. काच खाली नेताना याच्या उलट. पुष्कळ गाड्यांत डाव्या दाराच्या मोटारीची परतीची वाट चालकाच्या पट्टीतून जाते. त्यामुळे डाव्या दाराचा खटका कितीही नवा घातला, तरी चालकाच्या पट्टीतला स्पर्शबिंदू जळालेला असेल तर डावी काच हलत नाही.

एवढे समजले की उपकरणाला हात न लावताही अर्धे निदान होते. चारही काचा बंद असतील तर चार मोटारी एकाच दिवशी मेल्या असे कोणी मानणार नाही. फ्यूज, रिले किंवा मुख्य अर्थ पाहावा. एकच काच बंद असेल तर ती दोन्ही खटक्यांवर बंद आहे की एकावरच, हे पाहावे. चालकाच्या पट्टीवरून चालते, पण स्वतःच्या खटक्यावरून चालत नाही, असे झाल्यास मोटार निर्दोष आहे; आधी मुलांसाठी ठेवलेले काचबंदीचे बटण दाबले गेले आहे काय ते बघावे. हसू नका. याच एका बटणापायी दार उघडलेले मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

काच खाली येते पण वर जात नाही, ही तक्रार तर रोजची. येथे थोडा विचार केला तर उत्तर हातात येते. मोटार एका दिशेने फिरते, म्हणजे तिचे वेटोळे आणि ब्रश शाबूत आहेत. खाली येताना दोन्ही तारांतून वीज वाहिली, म्हणजे दोन्ही ताराही शाबूत आहेत. उरला खटका, त्याचा वर नेणारा स्पर्शबिंदू जळाला किंवा काळवंडला आहे. मात्र या अनुमानाला एक अपवाद आहे. वर जाताना काचेचे वजन उचलावे लागते, खाली येताना ते मदत करते. वीज अशक्त असेल किंवा काचेची रबरी खाच सुकून घट्ट झाली असेल, तरीही हाच प्रकार दिसतो.

हा अपवाद ओळखण्याची युक्ती गाडीच्या छतातच आहे. रात्री किंवा अंधाऱ्या जागी आतला दिवा लावावा, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि खटका दाबावा. दिवा स्पष्टपणे मंदावला आणि काच हलली नाही, तर मोटारीपर्यंत भरपूर वीज जात आहे. काच कोठेतरी अडली आहे किंवा मोटार आतून जाम आहे. दिवा यत्किंचितही मंदावला नाही, तर वीज वाटेतच थांबली आहे. मोटारीला दोष देण्याचे कारण नाही. ही परीक्षा मी विद्यार्थ्यांना तीसएक वर्षे शिकविली. आणि जेव्हा मला स्वतःला तिची गरज होती, तेव्हा ती मी केली नाही.

ती हकीकत सांगणे माझे कर्तव्य आहे. सत्तरीतील एक टॅक्सीमालक आपली गाडी घेऊन माझ्याकडे आला. डावीकडची पुढची काच बंद होती. मी दाराचे आवरण काढले, मोटारीचे जोडटोक सुटे केले, त्यात मल्टिमीटरच्या सुया घातल्या आणि खटका दाबला. मीटरने १२.६ व्होल्ट दाखविले. पूर्ण दाब येतो आहे आणि मोटार फिरत नाही, त्या अर्थी मोटार गेली, असा निकाल मी दिला. त्याने मडगावहून नवी मोटार आणली, मी बसविली, काच सुरळीत चालली. तिसऱ्या दिवशी बेळगावहून परतताना घाटात, मुसळधार पावसात, ती पुन्हा अडली. त्याने खिडकीला प्लास्टिक बांधून उतारू घरी पोचविले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “मास्तर, मोटार तर नवीच आहे.”

दार आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, तारांच्या जुडग्यावर चुण्या असलेली एक रबरी नळी असते. ती त्या दिवशी मी सोडविली. आतल्या जाड तारेचे वेष्टन अखंड दिसत होते, पण हलक्या हाताने ओढताच तार रबरासारखी लांबली. वेष्टनाच्या आत तांब्याचे सारे तंतू तुटलेले होते. दोन टोके कधी टेकत, कधी सुटत. पहिल्या दिवशी त्यांतले दोनतीन तंतू शिल्लक असावेत. नवी मोटार बसविताना दार चारदोन वेळा पुढेमागे झाले, तुटलेले तंतू एकमेकांवर दाबले गेले आणि काच चालली. श्रेय मात्र मोटारीला मिळाले. शिवाय कारागीर नेहमी दार उघडे ठेवून काम करतो आणि प्रवासी दार लावून बसतो. दार उघडे असताना तारेचा बाक एक, दार लावल्यावर दुसरा. म्हणून दुरुस्तीच्या जागी दोष दिसत नाही आणि रस्त्यावर दिसतो. जुनी मोटार मी थेट बॅटरीला जोडून पाहिली. ती उत्तम फिरली. मोटारीचे पैसे मी त्याला परत केले आणि ती जुनी मोटार वर्गातल्या टेबलावर ठेवून दिली.

मग मीटरने १२.६ व्होल्ट का दाखविले? मीटर खोटे बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. कोलोनच्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या गेऑर्ग ओम या शिक्षकाने आपला नियम १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो येथील शिक्षकवर्गाला नव्याने सांगावयास नको. त्याचेच हे उदाहरण वर्गात घ्यावे. हिशेबाच्या सोयीसाठी बॅटरी १२ व्होल्टची आणि सुरू होण्याच्या क्षणी मोटारीचा रोध १ ओहम धरू. निर्दोष तारेतून १२ अँपिअर प्रवाह जाईल. आता तुटत आलेल्या तारेने वाटेत आणखी १ ओहम रोध घातला. एकूण रोध २ ओहम, प्रवाह ६ अँपिअर. त्यातले ६ व्होल्ट तारेतच खर्ची पडले आणि मोटारीच्या वाट्याला ६ उरले. सुरुवातीचा जोर निम्म्यावर आला. काच उचलणार कशी? पण मोटार काढून तिच्या जागी मीटर लावा. चांगल्या मल्टिमीटरचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो. त्याच्यापुढे १ ओहम म्हणजे काहीच नाही. प्रवाह जवळजवळ शून्य, म्हणून तारेत खर्च होणारा दाब व्होल्टच्या दहा लक्षांशाच्या आसपास. मीटर पूर्ण दाब दाखविणार, हे ठरलेलेच.

आडवाटेच्या नळाला दिवसभर कोणी तोटी उघडली नाही तर गंजून बुजत आलेल्या नळातही पाण्याचा दाब पूर्ण असतो. तोटी उघडली म्हणजे करंगळीएवढी धार येते. विजेचे तसेच आहे. म्हणून माझे सांगणे असे की, दाब मोजावयाचा तो भार चालू असताना मोजावा. मोटार जोडलेलीच ठेवावी, मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटारीच्या वीज येणाऱ्या टोकावर लावावी, आणि कोणाला तरी खटका दाबावयास सांगावे. येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेला दाब. तो साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. तीनचार व्होल्ट दिसले तर दुसरी सुई मोटारीपासून एकेक जोड मागे सरकवीत जावे. जेथे आकडा एकदम घसरेल, त्या जागेच्या आणि तिच्या आधीच्या जागेच्या दरम्यान दोष आहे. अर्थच्या बाजूची वाटही अशीच, बॅटरीच्या ऋण टोकापासून तपासावी. ती तपासण्याचे बहुतेकजण विसरतात.

ज्यांच्यापाशी मीटर नाही त्यांनी हळहळू नये. हेडलाइटचा टाकून दिलेला बल्ब घ्यावा. दोन तारांपैकी एक जळाली म्हणून आपण तो टाकतो. दुसरी पुष्कळदा शाबूत असते. पंचावन्न वॅटचा असा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे चालत्या मोटारीच्या जवळपास भार टाकतो. मोटारीचे जोडटोक काढून त्या जागी हा बल्ब लावावा आणि खटका दोन्ही दिशांना दाबावा. दोन्ही वेळा लखलखीत उजेड पडला तर तारा व खटके ठीक आहेत. संशय मोटारीवर घ्यावा. वाटेत एक ओहम रोध असेल तर बल्बला पावणेनऊ व्होल्टच मिळतात आणि तो स्पष्ट पिवळा पडतो. काच तापते, तिला बोट लावू नये. संगणकाच्या बारीक तारांवर आणि सुरक्षा फुग्यांच्या, म्हणजे एअरबॅगच्या तारांवर हा बल्ब मुळीच लावावयाचा नाही. त्या तारांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात आणि त्यांना अजिबात हात लावू नये.

बल्ब पिवळा पडला की पहिली शंका बिजागरीजवळच्या नळीची. टॅक्सीचे दार दिवसातून तीस वेळा उघडले, तर वर्षाला सुमारे अकरा हजार वेळा तीच तार त्याच जागी वाकते. वाकून वाकून तांबे कठीण होते व तुटते. बल्ब लावलेलाच ठेवून, खटका दाबून, दार सावकाश पूर्ण उघडावे व लावावे. उजेड कमीजास्त झाला तर दोष सापडला. दुरुस्तीत मात्र एक चूक सर्रास होते. तुटलेल्या जागीच डाग देतात. डागाची जागा ताठ होते, तिच्या कडेला तार पुन्हा वाकते आणि काही महिन्यांत तुटते. त्याऐवजी बारीक तंतूंच्या लवचीक तारेचा वीतभर नवा तुकडा घालावा, आणि त्याचे दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाच्या पलीकडे, एक दाराच्या आत व एक गाडीच्या अंगात, घ्यावेत.

खटक्यांविषयी थोडेच सांगतो. ते हाताशी असतात, पाऊस उघड्या काचेतून थेट त्यांच्यावर पडतो, किनाऱ्यालगतच्या खारट हवेत त्यांच्यावर हिरवी पूड धरते. स्पर्शबिंदू साफ करून काही काळ निभावते, कायमचे नव्हे.

फ्यूजविषयी मात्र मी कठोर बोलणार आहे. फ्यूज वारंवार जळत असेल तर कोठेतरी उघडी तार लोखंडाला टेकते आहे. तिथे सिगारेटच्या पाकिटाचा चंदेरी कागद, तांब्याची तार किंवा मोठ्या आकड्याची फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून घर उघडे टाकणे होय. मग फ्यूजऐवजी दारातली तार तापते, आणि तिच्या भोवती प्लास्टिक व स्पंज असतो.

काचा पुष्कळ वेळा वरखाली केल्या की मोटार काही मिनिटे अजिबात चालत नाही, हा दोष नव्हे. तापल्यावर स्वतःला तोडून घेणारी सोय तिच्यात असते; दहापंधरा मिनिटे थांबावे. खटक्यांशी खेळणारी मुले घरी असतील तर हा अनुभव हमखास येतो. त्यांच्याविषयी याहून गंभीर गोष्ट आहे. वर जाणारी काच मुलाची मान दाबू शकते. असे मृत्यू जगात ठिकठिकाणी झालेले आहेत. नव्या गाड्यांपैकी काहींत अडथळा जाणवताच मागे फिरणारी काच असते, सर्व गाड्यांत आणि सर्व काचांना ती नसते. गाडीत मूल एकटे असताना किल्ली आत ठेवू नये, आणि काचबंदीचे बटण जुन्या गाडीत चालते की नाही हे आज घरी गेल्यावर पाहावे.

दुसरा धोका दुरुस्ती करणाऱ्याला. दारात हात घालण्यापूर्वी काचांची फ्यूज काढावी आणि काच वर नेऊन चिकटपट्टीने चौकटीला बांधावी; आधार सुटताच ती सुरीसारखी खाली येते. कात्रीसारख्या दांड्यांची यंत्रणा असेल तर तिच्यावरची मोटार तशीच सोडवू नये. तिच्यातली ताणलेली स्प्रिंग मोकळी होऊन बोटे चिरडते.

दार पुन्हा बंद करताना आतला प्लास्टिकचा पडदा जसाच्या तसा चिकटवावा. तो कचरा म्हणून फेकून देतात आणि पावसाचे पाणी खटक्यांत व पायाखाली येते. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची लहान छिद्रे असतात. त्यांत चिखल बसला की दाराचा हौद होतो व मोटार त्यात बुडते. एक बारीक काडी आणि दोन मिनिटे, एवढेच काम आहे. पावसाळ्यापूर्वी ते करावे.

अलीकडच्या गाड्यांत खटका मोटारीला वीज देत नाही, केवळ संगणकाला संदेश देतो, आणि दाराच्या आतला संगणक मोटार चालवितो. तेथे दोषांक वाचण्याचे यंत्र लागते. तथापि मोटारीला मिळणारी जाड तार, अर्थ आणि बिजागरीजवळचा बाक तेथेही तेच आहेत. या गाड्यांची बॅटरी सोडली की काच एका दाबात वर जाण्याचे विसरते, किंवा वर जाऊन परत खाली येते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन खटका काही सेकंद तसाच धरून ठेवला की तिला आपली जागा पुन्हा समजते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती न वाचता लोक दुरुस्तीला धाव घेतात.

अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे. बाहेर आंब्याखाली एक गाडी उभी आहे. तिच्या चार काचांपैकी एक मी मुद्दाम बिघडवून ठेवली आहे. वर्गातली ती जुनी मोटार आणि हेडलाइटचे तीन जुने बल्ब मी बरोबर आणले आहेत. चहानंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी तेथे यावे. दोष कोठे आहे ते मी सांगणार नाही. पहिला खटका पंचायत सचिवांनी दाबावा, आणि छतातल्या दिव्याकडे शिक्षकांनी पाहावे.